बीपीडी, फुप्फुसांतील वाढलेला रक्तदाब आणि पसरणी घाट : बाळाला पाचगणीच्या घरी केव्हा न्यावे?

प्रश्न : वाईची_लेक

नमस्कार. माझी मुलगी गर्भारपणाच्या २६ व्या आठवड्यात जन्मली. तेव्हा तिचे वजन ८२० ग्रॅम होते. पुण्यातील एका रुग्णालयाच्या एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) ती १०२ दिवस होती. त्यांपैकी १९ दिवस व्हेंटिलेटरवर आणि नंतर बराच काळ सीपॅपवर (नाकातून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर). ३६ आठवडे भरले तेव्हाही तिला ऑक्सिजन लागत होता म्हणून बीपीडीचे (ब्रॉन्कोपल्मनरी डिस्प्लेसिया, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांतील फुप्फुसांच्या दीर्घकालीन आजाराचे) निदान झाले, आणि त्याच आठवड्यातील इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील दाब वाढल्याचे दिसले. अहवालात ‘टीआर जेट ३.४ मीटर प्रतिसेकंद, अंदाजे दाब ५१, सेप्टम चपटा’ असे शब्द आहेत. आता ती जन्मतारखेपासून साडेपाच महिन्यांची आहे. घरी अहोरात्र पाव लिटर ऑक्सिजन, दिवसातून तीनदा सिल्डेनाफिल (फुप्फुसांतील दाबावरचे औषध) आणि लघवी वाढवणारे एक औषध चालू आहे.

सध्या आम्ही माझ्या माहेरी, वाईला आहोत. सासर पाचगणीला आहे, म्हणजे पसरणी घाट चढला की घर. सासूबाईंचे म्हणणे असे की, पूर्वी क्षयाचे रोगी मुंबईहून हवापालटासाठी पाचगणीला येत आणि बरे होऊन जात, मग फुप्फुसांच्या दुखण्याचे बाळ खाली कशाला ठेवायचे? डॉक्टरांनी मात्र ‘इतक्यात वर नेऊ नका’ एवढेच सांगितले. बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत कारण विचारायचे राहून गेले.

दुसरी शंका ऑक्सिजनची आहे. आंघोळीच्या वेळी नळी काढली तर दहा मिनिटे सॅच्युरेशन (रक्तातील ऑक्सिजनचे टक्के) ९४ राहते. मग तो खरोखर लागतो का, की आम्ही तिला त्याची सवय लावत आहोत? एनआयसीयूत तर आकडा ९५ च्या वर गेला की परिचारिका लगेच ऑक्सिजन कमी करत, डोळ्यांना अपाय होतो म्हणत. आता तेच लोक म्हणतात की, आकडा ९२ च्या खाली जाऊ देऊ नका. यातले नेमके काय धरायचे?

शेवटचे विचारायला धीर होत नाही, तरी विचारते. रात्री जागरणात मी इंटरनेटवर वाचले की, अशी निम्मी बाळे दोन वर्षांत जातात. हे खरे आहे का?

उत्तर १ : ओझरची_आई

ताई, माझा मुलगा आता सहा वर्षांचा आहे. तो २७ व्या आठवड्यातला. चौदा महिने त्याच्या नाकाला नळी होती, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचताना ती गालावरची टेप आणि तिच्याखाली लाल झालेली कातडी आठवली.

आंघोळीच्या वेळच्या ९४ वर विसंबू नका. आम्ही नेमकी तीच चूक केली होती. बारशाच्या दिवशी फोटोत नळी नको म्हणून काढली, तीन-चार तास बाळ छान राहिले, म्हणून नंतर दिवसा काढायची आणि रात्री लावायची असे आम्हीच परस्पर ठरवले. ऑक्सिमीटर फक्त जागेपणी लावून बघत होतो. पाचव्या-सहाव्या दिवशी दूध पिताना त्याच्या कपाळावर घाम दिसू लागला. दर दोन घोटांनी तो थांबायचा आणि पुन्हा तोंड लावायचा. वजनाचा काटा दोन आठवडे एका जागी राहिला. तपासणीला गेलो तेव्हा इकोचा आकडा आधीपेक्षा वाढलेला निघाला आणि सहा आठवड्यांची मेहनत मागे गेली. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी रात्रभराच्या सॅच्युरेशनची नोंद काढून समोर ठेवली. झोपेत, विशेषतः पहाटे, आणि दूध पिताना आकडा वारंवार ८५ च्या आसपास जात होता. त्या वेळी आम्ही एक तर झोपलेले असायचो, नाही तर बाटली धरून बाळाच्या तोंडाकडे बघत असायचो.

काही घरगुती गोष्टी सांगते. ऑक्सिमीटरचा प्रोब तळपायाला गुंडाळून वर मोजा घातला तर उजेडाचा आणि हलण्याचा त्रास कमी होतो. आकड्याबरोबर नाडीची लहर नीट उमटते आहे की नाही तेही पाहा. लहर वेडीवाकडी असेल तर आकड्यावर विश्वास ठेवू नये. साध्या कॉन्सन्ट्रेटरवरची (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या यंत्रावरची) कळ पाव लिटर अचूक दाखवत नाही, तेव्हा बाळांसाठीचा कमी प्रवाहाचा वेगळा फ्लोमीटर बसवून घ्या. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण साडेतीनशे वॅट वीज घेतो, म्हणून इन्व्हर्टर किती वेळ टिकेल हे वीज जाण्याआधीच एकदा चालवून बघावे आणि भरलेला सिलिंडर घरात असावाच. आणखी एक, देवघर. निरांजन, उदबत्ती, धूप यांतले काहीही त्या खोलीत नको. ऑक्सिजनजवळ ज्योत धोक्याची असते आणि धूर त्या फुप्फुसांना सोसत नाही. आमच्याकडे यावरून सर्वांत जास्त वाद झाले.

उत्तर २ : नवजात_वैद्य

मी नवजात शिशुतज्ज्ञ म्हणून काम करतो. आपल्या बाळाला मी तपासलेले नाही, त्यामुळे औषधांच्या मात्रेविषयी येथे काही लिहिणार नाही. पण कारणे सांगता येतील, आणि ती आपल्याला तेव्हाच सांगितली जायला हवी होती.

२६ व्या आठवड्यात फुप्फुसात वायुकोश तयार झालेलेच नसतात. श्वासनलिकांच्या टोकांशी लहान पिशव्या नुकत्या धरू लागलेल्या असतात आणि त्यांच्या भोवतीचे केशवाहिन्यांचे जाळे विरळ असते. खरे वायुकोश ३६ व्या आठवड्याच्या सुमारास तयार होऊ लागतात. त्या आधीच फुप्फुसाला हवेत काम करावे लागले, त्यात व्हेंटिलेटरचा ताण, ऑक्सिजन आणि जंतुसंसर्ग यांची भर पडली, की त्याची वाढ त्या टप्प्यावर अडखळते. स्टॅनफर्डच्या नॉर्थवे आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये बीपीडीचे पहिले वर्णन केले तेव्हाची बाळे तुलनेने मोठी होती आणि त्यांच्या फुप्फुसांत जखमा व व्रण दिसत. आजच्या, आपल्या मुलीएवढ्या बाळांत व्रण कमी असतात. त्यांच्या फुप्फुसात वायुकोश थोडे आणि मोठाले राहतात, आणि रक्तवाहिन्याही संख्येने कमी व जाड भिंतीच्या राहतात. म्हणजे हवेचा आणि रक्ताचा असे दोन्ही मार्ग एकत्रच अपुरे राहतात. फुप्फुसांतील रक्तदाब वाढण्याचे मूळ येथे आहे. दंडाला पट्टा बांधून मोजतात त्या रक्तदाबाशी याचा संबंध नाही. हा हृदयाच्या उजव्या बाजूचा प्रश्न आहे.

आता ऑक्सिजन. आपण वाईच्या आहात, तेव्हा पाटाचे पाणी पाहिलेले असेल. ज्या वाफ्यात पाणी नेऊन उपयोग नाही त्याचे दार शेतकरी मातीने बंद करतो आणि पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवतो. फुप्फुसही तेच करते. ज्या भागात ऑक्सिजन कमी पोहोचतो तेथील रक्तवाहिनी आकसते आणि रक्त चांगल्या भागाकडे वळते. १९४६ मध्ये फॉन ऑयलर आणि लिलियेस्ट्रांड यांनी हे दाखवून दिले. निमोनियात एखादा भाग बिघडला असेल तर ही सोय फार उपयोगी पडते. पण सगळ्याच भागांत ऑक्सिजन कमी असेल तर सगळीच दारे एकदम बंद होतात, आणि मोटार मात्र तेवढ्याच जोराने पाणी ढकलत राहते. ती मोटार म्हणजे हृदयाचा उजवा कप्पा. तो जाड होतो, फुगतो आणि मधला पडदा डावीकडे ढकलतो. आपल्या अहवालातील ‘सेप्टम चपटा’ याचा अर्थ तोच. तेव्हा या बाळांत ऑक्सिजन हे रक्तवाहिन्या सैल ठेवणारे पहिले औषध आहे. त्याची ‘सवय’ लागत नाही. फुप्फुस वाढले की गरज आपोआप घटते, आणि ती घटली हे रात्रभराची नोंद व इको यांवरून ठरवतात.

डोळ्यांविषयीचा आपला गोंधळ स्वाभाविक आहे, पण दोन्ही सूचना बरोबर होत्या. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या दृष्टिपटलातील रक्तवाहिन्या अर्धवट वाढलेल्या असतात आणि त्या काळात जादा ऑक्सिजनने त्या बिघडतात, म्हणून तेव्हा वरची मर्यादा कटाक्षाने पाळतात. दृष्टिपटलाची वाढ पूर्ण झाल्याचे नेत्रतज्ज्ञांनी सांगितल्यावर ती भीती मागे पडते आणि फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांची काळजी पुढे येते. बीपीडीसह हा दाब असलेल्या बाळांसाठी सर्वसाधारणपणे ९२ ते ९५ हे लक्ष्य ठेवतात. आपण पाहिलेत तर एनआयसीयूतील आणि घरातील मर्यादा एकमेकींच्या फार दूर नाहीत. तेथे वरच्या कडेवर लक्ष होते, येथे खालच्या कडेवर आहे.

५१ हा आकडा कसा आला तेही पाहू. उजव्या कप्प्याच्या झडपेतून मागे गळणाऱ्या रक्ताचा (अहवालातील ‘टीआर’चा) वेग सेकंदाला ३.४ मीटर होता. त्याचा वर्ग ११.५६, त्याची चौपट सुमारे ४६, त्यात उजव्या कर्णिकेचा (हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्याचा) अंदाजे ५ दाब मिळवला की ५१. वेग मोजताना थोडी चूक झाली तरी वर्गामुळे ती मोठी होते, आणि बाळ रडत असेल तर दाब खरोखरच चढलेला असतो. शिवाय बऱ्याच बाळांत ही गळती मोजण्याइतकी सापडतच नाही, आणि ‘गळती नाही’ याचा अर्थ ‘दाब नाही’ असा होत नाही. म्हणून दोन इकोंमधील ५१ आणि ४७ यांची तुलना करत बसण्यापेक्षा पडद्याचा आकार, उजव्या कप्प्याची जाडी आणि शक्य असल्यास एनटी-प्रोबीएनपी या, हृदयावरचा ताण दाखवणाऱ्या रक्तचाचणीचा कल पाहणे अधिक उपयोगी. दाब प्रत्यक्ष मोजायचा तर हृदयापर्यंत कॅथेटर (बारीक नळी) घालावा लागतो. उपचार करूनही सुधारणा नसेल, दुसरे औषध जोडायचे असेल, किंवा फुप्फुसांतून हृदयाकडे येणाऱ्या शिरा अरुंद झाल्याची शंका असेल तेव्हा तो निर्णय घेतात. शिरा अरुंद असतील तर रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधांनी फुप्फुसात पाणी साचू शकते, म्हणून ही शंका दुर्लक्षून चालत नाही.

माझे एक ठाम मत सांगतो. सिल्डेनाफिल सुरू झाले की सर्वांचे लक्ष त्या बाटलीकडे जाते आणि दूध फुप्फुसात उतरते आहे का, झोपेत श्वास अडतो का, वजन वाढते का हे प्रश्न मागे राहतात. वास्तविक मुलीला बरे करणार आहे ते नव्याने वाढणारे फुप्फुस. वायुकोश पहिली दोन-तीन वर्षे भरभर वाढतात, आणि त्यांच्याबरोबर रक्तवाहिन्याही. त्या वाढीला कॅलरी लागतात. धाप लागणारे बाळ श्वास घेण्यातच बरीचशी खर्च करते, म्हणून आहारतज्ज्ञांची भेट ही औषधाइतकीच महत्त्वाची धरा. सहा महिने होताच फ्ल्यूची लस द्या आणि आरएसव्हीपासून (बाळांच्या श्वसनमार्गाला ग्रासणाऱ्या विषाणूपासून) संरक्षण देणाऱ्या प्रतिपिंडांच्या इंजेक्शनबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा. या बाळांना साधी सर्दीही रुग्णालयात नेते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हर्निया पुष्कळदा आढळतो. तशी शस्त्रक्रिया निघाली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना या दाबाची कल्पना आधी द्या आणि ती मोठ्या केंद्रातच करा, कारण भूल देताना व उतरताना हा दाब अचानक उसळू शकतो.

राहिला रात्री वाचलेला आकडा. तो बहुधा २००७ मध्ये बोस्टनहून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातला असावा. त्यात बीपीडी आणि वाढलेला दाब असलेली ४२ बालके होती, आणि निदानानंतर दोन वर्षांनी जगण्याचे प्रमाण सुमारे ५३ टक्के निघाले. आकडा खरा आहे, मी तो नाकारणार नाही. हा आजार जिवावर बेतू शकतो. पण ती एका मोठ्या केंद्राकडे आलेली बालके होती, त्यांतील पुष्कळांचा दाब अतितीव्र होता, आणि ३६ व्या आठवड्याला सरसकट इको करून लवकर निदान करण्याची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती. आपली मुलगी त्या तपासणीत सापडली, पाव लिटरवर घरी आहे आणि दूध पिते आहे. त्या ४२ जणांच्या रांगेत तिला उभे करू नका.

उत्तर ३ : डेन्व्हरकर

पाचगणीबद्दल मी लिहिते, कारण आम्ही राहतो ते डेन्व्हर शहर सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही थोडे वर. माझ्या मुलाला बीपीडी नव्हता. त्याच्या श्वासपटलाला जन्मतःच छिद्र होते आणि त्यातून आतडी छातीत शिरल्यामुळे डावे फुप्फुस वाढलेच नाही. कारण वेगळे असले तरी रक्तवाहिन्या कमी, दाब जास्त, ही गोष्ट तीच.

हवेत ऑक्सिजनचे प्रमाण सगळीकडे २१ टक्केच असते, पण उंचीवर हवेचा दाब घटतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात तो कमी येतो. वाई साधारण ७०० मीटरवर आणि पाचगणी १,३०० मीटरच्या आसपास धरली, तर समुद्रसपाटीच्या तुलनेत वाईला हवेचा दाब सुमारे ९२ टक्के आणि पाचगणीला ८६ टक्क्यांच्या आसपास येतो. तुम्हा-आम्हाला हा फरक जाणवतही नाही. वरच्या उत्तरातील दारांचे उदाहरण घेतले, तर मात्र घाट चढताना ती अर्धवट उघडी दारे आणखी थोडी मिटतात. आमच्याकडे उंचीमुळे घरी ऑक्सिजन घेऊन जाणाऱ्या बाळांची संख्या मोठी आहे. मुलगा दोन वर्षांचा होईपर्यंत डॉक्टरांनी आम्हाला रॉकी पर्वतात वर जाण्याची साफ मनाई केली होती.

सासूबाईंचे म्हणणे एका अर्थी समजण्यासारखे आहे. क्षयावर औषधे नव्हती तेव्हा विश्रांती, सकस आहार आणि स्वच्छ कोरडी हवा एवढेच हाती होते, म्हणून आरोग्यधामे डोंगरावर बांधली गेली. परंतु त्या रोग्यांचा प्रश्न जंतूंचा होता, आपल्या बाळांचा प्रश्न ऑक्सिजनच्या दाबाचा आहे. शिवाय पाचगणीचा पावसाळा म्हणजे महिनोन्महिने धुके आणि भिंतींना ओल. तो कुठल्याच फुप्फुसाला मानवत नाही.

पुढे कधी विमानाने जाणार असाल तर तेही लक्षात ठेवा. विमानाच्या आतील हवेचा दाब २,४०० मीटर उंचीइतका कमी असू शकतो, म्हणजे जणू १५ टक्के ऑक्सिजन असलेल्या हवेत श्वास घेणे. पहिल्यांदा भारतात आलो तेव्हा मुलाला घरी ऑक्सिजन लागत नव्हता, तरी विमानापुरता डॉक्टरांनी लावायला सांगितला. विमान कंपनीची परवानगी मिळवण्यातच तीन आठवडे गेले.

उत्तर ४ : कृष्णाकाठचा_फार्मासिस्ट

माझी भर फक्त औषधापुरती. सिल्डेनाफिल म्हणजेच ‘व्हायग्रा’तले औषध, म्हणून त्याची चिठ्ठी घेऊन गेल्यावर दुकानात काही जण चमत्कारिक नजरेने पाहतात, याची मला आमच्याच व्यवसायाबद्दल लाज वाटते. हे औषध रक्तवाहिन्या सैल करते, आणि फुप्फुसांतील रक्तदाबासाठी मोठ्या माणसांत अमेरिकेत त्याला २००५ मध्ये मान्यता मिळाली. २०१२ मध्ये तेथील औषध प्रशासनाने मुलांसाठी त्याच्या वापराविरुद्ध इशारा दिला होता, कारण मोठ्या मुलांवरील एका अभ्यासात जास्त मात्रेच्या गटात मृत्यू अधिक दिसले होते. २०१४ मध्ये त्यांनीच स्पष्ट केले की, फायदा-तोटा तोलून डॉक्टर ते देऊ शकतात. इंटरनेटवर निम्मी गोष्ट सापडते म्हणून पूर्ण लिहिली.

गोळी कुटून पातळ औषध बनवून घेत असाल तर बाटली प्रत्येक वेळी जोरात हलवा. गाळ खाली बसला की पहिली मात्रा कमी आणि शेवटची जास्त जाते. चमच्याऐवजी सिरिंजनेच मोजा. औषध संपेपर्यंत थांबू नका, कारण ते अचानक बंद पडले तर दाब उसळतो. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन आणि बुरशीवरील इट्राकोनाझोलसारखी औषधे याचे रक्तातील प्रमाण वाढवतात. सर्दी-खोकल्यासाठी गावातल्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा सिल्डेनाफिलची बाटली बरोबर न्या.

वाईची_लेक

सर्वांची मी मनापासून आभारी आहे. उत्तर द्यायला दोन आठवडे लागले, कारण मधल्या काळात पुण्याला जाऊन आलो. तुमच्या उत्तरांची छापील प्रत घेऊन गेले होते आणि या वेळी एकेक प्रश्न वाचूनच विचारला.

रात्रभराची नोंद झाली. पाव लिटरवर सरासरी ९४ आहे, पण पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान अनेकदा ८८-८९ दिसले. त्यामुळे ऑक्सिजन कमी करण्याऐवजी झोपेपुरता थोडा वाढवला आहे. आंघोळीच्या वेळीही आता नळी काढत नाही. ती कानामागून पाठीकडे घेतली की पाणी घालता येते, हे तिथल्या परिचारिकेने दाखवले. इकोमध्ये टीआरचा वेग ३.१ आला आणि पडदा आधीपेक्षा गोल दिसतो असे सांगितले. दूध घट्ट करून देण्याचा सल्ला मिळाला. वजन ४ किलो ९०० ग्रॅम आहे. पाचगणीचा विषय पुढच्या दोन इकोंनंतर काढायचा, आणि तेव्हाही आधी दिवसापुरते, ऑक्सिमीटर लावून आणि सिलिंडर गाडीत ठेवून जायचे, असे ठरले.

पाटाच्या दारांचे उदाहरण मी घरी वाचून दाखवले. सासरे शेती करतात, त्यांना ते लगेच पटले आणि सासूबाईंना त्यांनीच समजावले. परवा सासूबाई स्वतःच घाट उतरून वाईला राहायला आल्या. धूपदाणी मात्र वरच ठेवून आल्या आहेत.